धाकट्याचं मत आधी

लष्करी न्यायालयात सरकारी बाजू लढवणाऱ्या मेजरनं आज खटला जिंकला होता, तरी त्याचा नुसता जळफळाट चालला होता. आरोपीचा वकील त्याच्याच बॅचचा, सगळे ज्याला गोगलगाय म्हणत तो. शिक्षा झालेल्या शिपायाच्या आईनं भर व्हरांड्यात त्या हरलेल्या माणसाचे हात धरले होते. जिंकलेल्या मेजरकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

रात्री जेवताना त्यानं विषय काढलाच. बायको आणि कायदा शिकणारी लेक, दोघीही आज कोर्टात मागे बसल्या होत्या.

"चांगलं कोण बोललं? आमच्या लष्करी कोर्टात निकालाच्या वेळी सर्वांत धाकट्याचं मत आधी घेतात, म्हणजे थोरल्यांचं दडपण येत नाही. तू सांग आधी."

लेक म्हणाली, "बोललात तुम्हीच चांगलं, बाबा. पण उद्या माझ्यावर खटला झाला, तर मला गोगलगायकाकाच हवेत."

"मलाही," बायको भाजी वाढता वाढता म्हणाली.

आता मत उरलं थोरल्याचं. त्यानं स्वतःला आरोपीच्या जागी उभं करून पाहिलं, त्या मेल्या गोगलगायीचंच नाव ओठांवर आलं, आणि तो भरल्या ताटावरून उठला.