सत्तर टक्क्यांचा माणूस

लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस होता. शहरातल्या एकतीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या, आणि बत्तिसावी तो स्वतः राहायचा त्या पाचमजली इमारतीची. तेविसाव्या वर्षी, नोकरीत कायम झाल्याच्या आनंदात, त्याने लिफ्टचे पोलादी दोर बनवणाऱ्या एका कंपनीचे हजार शेअर घेतले. दहाला एक. कंपनीबद्दल त्याला बाकी काही ठाऊक नव्हतं. इतर दोरांच्या तारा तुटून हाताला बोचायच्या, या दोराच्या तुटायच्या नाहीत, एवढंच त्याच्या तळहातांना माहीत होतं.

पहिल्या वर्षी लाभांश आला चारशे. दहा हजारांवर चारशे, म्हणजे चार टक्के. त्याची नवी नवरी तेव्हा म्हणाली होती, "बँकेने याहून जास्त दिले असते." ते खरंही होतं. पण कंपनी दरवर्षी लाभांश थोडा थोडा वाढवत गेली आणि शेअर घेतल्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सात हजार आले. त्याने गुंतवलेले मात्र तेच दहा हजार. म्हणजे सत्तर टक्के.

त्या आकड्याने त्याची चालच बदलली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना तो आधी फटीतून टक्के सांगायचा आणि मग हात द्यायचा.

तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. लिफ्टवाला दाढ दाखवायला गेला आणि चूळ भरता भरता म्हणाला, "माझं सत्तर टक्के सुटतं." डॉक्टरांची ठेव सात टक्क्यांवर होती. त्यांनी दाढ अर्धवट कोरून ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसले.

"थोडे मलाही द्या."

लिफ्टवाला मोठ्या मनाचा. त्याने शंभर शेअर त्यांच्या नावावर केले, त्या दिवशीच्या बाजारभावाने, साडेतीनशेला एक. डॉक्टरांनी पस्तीस हजार मोजले, वर दाढ फुकट भरून दिली.

पुढच्या वर्षी कंपनीने तेवढाच लाभांश दिला. डॉक्टरांना आले सातशे. ते हातमोज्यांसकट वर लिफ्टवाल्याच्या घरी आले. खाली खुर्चीत एक बाई तोंड उघडं ठेवून वाट पाहत होती.

"तुम्ही मला दोन टक्केवाले शेअर दिलेत," डॉक्टर म्हणाले. "सत्तरवाले स्वतःकडे ठेवलेत."

"अहो, सगळे एकाच खेपेचे आहेत."

"मग मधले अडुसष्ट टक्के गेले कुठे?"

लिफ्टवाल्याने समजावलं. शेअरमागे सात तुम्हालाही मिळाले, मलाही सातच. मी दहा दिले होते, तुम्ही साडेतीनशे दिलेत, म्हणून टक्के वेगळे दिसतात. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इमारतीची बैठक बोलावली.

जिन्याखाली, पाण्याच्या मीटरपाशी सगळे जमले. अध्यक्ष होते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, दोघांचे शेअर सारखेच असल्याची खात्री केली आणि निकाल दिला.

"टक्के शेअरमध्ये असते, तर ते शेअरबरोबर डॉक्टरांकडे गेले असते. गेले नाहीत. याचा अर्थ ते या माणसात आहेत."

कोणाला त्यात खोट काढता येईना. दुसऱ्या दिवसापासून लोक लिफ्टवाल्याच्या हातून खरेदी करू लागले. त्याने एकाला कुकर आणून दिला, एकीला चपला, पोस्टमास्तरांना काचेच्या भांड्यातला लाल मासा. कुकरला काही आलं नाही. चपला लागल्या. मासा आठवड्यात मेला, पण पोस्टमास्तर म्हणाले, अठ्ठावीस वर्षं थांबल्याशिवाय बोलायचं नाही. त्यांनी भांडं तसंच ठेवलं.

लिफ्टवाल्याची बायको तळमजल्यावर कपडे अल्टर करून द्यायची. नवरा रोज पिशव्या घेऊन हिंडतोय, लिफ्टची कामं मागे पडतायत, हे ती पाहत होती. एका दुपारी तिने मशीन थांबवलं.

"तुमचे नऊशे शेअर माझ्या नावावर करा. बक्षीस म्हणून."

"का गं?"

"करा तर."

त्याने केले. बायकोचं त्याच्याकडे अठ्ठावीस वर्षांतलं हे तिसरंच मागणं होतं. लाभांश तिच्या खात्यात आला तेव्हा तिने सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि कॅल्क्युलेटर डॉक्टरांच्या हातात दिला.

"आले सहा हजार तीनशे. मी दिले शून्य. काढा टक्के."

डॉक्टरांनी शून्याने भागलं. कॅल्क्युलेटरने एरर दाखवली. त्यांनी पुन्हा भागलं, मग पोस्टमास्तरांनी चष्मा लावून भागलं.

"अनंत," पोस्टमास्तर हळूच म्हणाले आणि उभे राहिले. बाकीचेही उभे राहिले.

"बसा," ती म्हणाली. "यांना सत्तर टक्के होते तेव्हा याच शेअरचे सहा हजार तीनशे यायचे. मला अनंत आहेत, तरी तेवढेच येतात. वाणी टक्के घेत नाही."

लोक विचारात पडले. तेवढ्यापुरता लिफ्टवाला सुटला, पिशव्या बंद झाल्या. पण त्याचा चेहरा उतरला. रात्रीचं जेवण तो पानात चिवडत बसला.

"मग माझे सत्तर टक्के खोटेच होते का?"

"खोटे कशाला? तेविसाव्या वर्षी तुम्ही चांगली वस्तू ओळखली आणि धीर धरलात, त्याचे ते मार्क आहेत. पण ठेवायचे की विकायचे हे त्या मार्कांना विचारू नका. असं विचारा, आज नऊशे शेअरचे तीन लाख पंधरा हजार रोख हातात असते, तर हेच शेअर घेतले असते का?"

त्याने तळहात उलटून पाहिले.

"घेतले असते," तो म्हणाला. "अजून तारा तुटत नाहीत."

"मग ठेवू."

हे संभाषण त्याने डॉक्टरांना सांगितलं आणि वर म्हणाला, "तुमची अठ्ठावीस वर्षं आता सुरू झालीत." डॉक्टर एकसष्ट वर्षांचे होते. त्यांनी बोटांवर एकोणनव्वदपर्यंत मोजलं आणि ठरवलं की हातावर हात ठेवून बसायचं नाही. दोर झिजले तर कंपनीचे दोर खपतील. ते दोन पेशंटच्या मध्ये लिफ्टने वर-खाली करू लागले. मग वेळ पुरेना, म्हणून पेशंटलाच आत घ्यायला लागले. छोट्या तपासण्या पहिल्या ते पाचव्या मजल्यादरम्यान उरकायच्या, चूळ गच्चीवर.

लिफ्टवाल्याने कपाळाला हात लावला. "डॉक्टर, एका इमारतीने कंपनीला काय फरक पडणार?"

"तुम्हाला बत्तीस इमारती आहेत, तुम्हाला काय कळणार," डॉक्टर म्हणाले आणि पाचवा दाबला.

सहा महिन्यांत दोर खरोखर बदलावा लागला. नव्या दोराचं वेटोळं आलं तेव्हा डॉक्टर दवाखाना बंद ठेवून दारात उभे होते.

आणि त्या वर्षी कंपनीने लाभांश वाढवला. शेअरमागे सात सत्तर. डॉक्टरांना मिळाले सातशे सत्तर, त्यांच्या पस्तीस हजारांवर दोन पूर्णांक दोन टक्के. शून्य पूर्णांक दोन आपण स्वतः ओढून आणल्याचं त्यांनी पोस्टमास्तरांना सांगितलं. पोस्टमास्तरांनी त्याची नोंद घेतली.

लिफ्टवाल्याच्या बायकोला मिळाले सहा हजार नऊशे तीस. भाव आता तीनशे पंच्याऐंशी होता. तिने त्या सगळ्या पैशांत आणखी अठरा शेअर घेतले.

लिफ्टवाला धावत दुकानात आला. "अगं, आता तुझे पैसे गुंतले. तुझे अनंत टक्के गेले."

"गेले."

"किती उरले?"

"पुढच्या वर्षी हाच लाभांश आला, तर एकशे दोन." ती तोंडातली टाचणी काढत म्हणाली. "शेअर मात्र अठरा वाढले."

अनंतावरून एकशे दोन. एवढी घसरण इमारतीत कोणी पाहिली नव्हती. संध्याकाळी लोक एकेक करून सांत्वनाला आले. पोस्टमास्तर खाली मान घालून बसले. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, धीर धरा. काही लागलं तर तिसऱ्या मजल्यावर आहेच मी, नाहीतर लिफ्टमध्ये."

ती सगळ्यांना बसा म्हणाली. पोस्टमास्तरांची पँट घोट्याखाली लोळत होती, डॉक्टरांच्या कोटाच्या बाह्या वर-खाली झाल्या होत्या. तिने गळ्यातली टेप काढली, दोघांची मापं घेतली आणि गुरुवारी न्यायला या म्हणून सांगितलं.