लेकीच्या टाकीतलं पाणी

मित्रांनो, लोक मला दगड म्हणतात आणि मी ते मनावर घेत नाही. पण मी दगड नाही, आणि एकटीही नाही. मी प्रवाळांची एक जुनी वसाहत आहे. डाळीच्या दाण्याएवढे हजारो मऊ जीव माझ्या अंगावर दाटीवाटीने राहतात, आणि त्या सगळ्यांचं मिळून जे काही होतं ते मी. वसाहत म्हटली की भांडणं आलीच, पण आमच्यात एकाने खाल्लेला घास शेजाऱ्याच्याही पोटात जातो, त्यामुळे भांडायला कारणच उरत नाही.

माझा जन्म उथळ, उबदार समुद्रातला. टाचणीच्या डोक्याएवढा एक जीव पोहत पोहत खडकाला चिकटला आणि त्याने पायाखाली घर बांधायला घेतलं. समुद्राच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. आम्ही तो वेचतो, पायाखाली त्याचा थर देतो आणि त्या थरावर स्वतःला उचलून घेतो. मग पुन्हा थर. आमचं घर आणि आमचा सांगाडा एकच. वर्षाला बोटाच्या पेराएवढी वाढ झाली तरी आम्ही खूश. आमच्या अंगात बारीक शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. ते उन्हावर स्वयंपाक करतं आणि आम्हालाच जेवू घालतं. असे भाडेकरू तुम्हाला दिवा घेऊन शोधलेत तरी मिळायचे नाहीत.

यात मेख एकच आहे. चुन्याचा थर बसताना आंबटपणा सुटतो, आणि तो बाहेर फेकल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. म्हणजे एका हाताने भिंत बांधायची आणि दुसऱ्या हाताने घरात साचलेलं पाणी उपसायचं. बाहेरचं पाणी चांगलं असेल तर हे काम हसतखेळत होतं. माझं तसंच चाळीस वर्षं चाललं. मासे माझ्या फांद्यांत लपत, पिल्लं वाढवत, आणि मला उगाच मोठेपणा वाटे.

मग किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रातल्या मॅडम पाण्यात उतरल्या. त्यांनी मला हलक्या हाताने सोडवलं, केंद्रात नेलं आणि काचेच्या टाकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझी एक फांदी करवतीने कापून त्यांनी शेजारच्या टाकीत लावली. आमच्यात तोडलेली फांदी वेगळी होऊन जगते. म्हणून ती माझी लेक, आणि खरं पाहिलं तर ती मीच. रांगेत आणखीही टाक्या होत्या, पण माझा जीव त्या एकीत अडकला.

माझ्या टाकीत साधं समुद्राचं पाणी होतं. लेकीच्या टाकीत एक नळी सोडलेली होती. तुमच्या गाड्यांतून आणि कारखान्यांतून धुराबरोबर जो वायू निघतो, तोच त्या नळीतून बुडबुडत होता. तो पाण्यात मिसळला की पाणी आंबट होतं. किती आंबट, याचा आकडा मॅडमनी ठरवून दिला होता, आणि एक यंत्र गॅस कमीजास्त करून तो आकडा धरून ठेवत होतं. तुमचा धूर असाच चालू राहिला, तर आजची मुलं म्हातारी होतील तेव्हा समुद्र जसा असेल, तसं ते पाणी होतं.

दर पंधरा दिवसांनी मॅडम लेकीला दोऱ्याने तराजूखाली टांगून पाण्यातच तिचं वजन करत. ती उंच होत होती, माझ्याच वेगाने. पण वजन त्या मानाने वाढत नव्हतं. आंबटपणा उपसता उपसता तिचा दम संपत होता आणि भिंती आतून पोकळ राहत होत्या. मॅडम वहीत आकडा लिहीत आणि पुढच्या टाकीकडे वळत.

टाक्या धुणारे एक काका होते. केंद्रात सगळे त्यांना टाकीकाकाच म्हणत. माणूस कामाला चोख, बोलायला कंजूष. एकदा त्यांनी लेकीला वजनासाठी उचललं आणि तिचं एक टोक त्यांच्या चिमटीत खडूसारखं मोडलं. ते कितीतरी वेळ तो तुकडा बोटांत धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मॅडम यायच्या आधी, ते एक वाटी घेऊन आले. भिंतींना लावायचा चुना पाण्यात कालवून, रात्रभर ठेवून, वर आलेली स्वच्छ निवळी त्यांनी आणली होती. ती त्यांनी लेकीच्या टाकीत हळूहळू ओतली. मग हे रोजचंच झालं.

आणि मित्रांनो, माझी लेक सावरली. चुना हाताशी आला, पाण्याचा जाच कमी झाला आणि तिच्या भिंती भरू लागल्या. आई म्हणून मला आणखी काय हवं होतं? यंत्राला मात्र यातलं काही कळलं नाही. निवळीने आंबटपणा जरा उतरला की ते थोडा जास्त गॅस सोडी आणि आकडा जागेवर आणून ठेवी.

तीन महिन्यांनी मॅडमनी तराजू दोनदा तपासला. पुन्हा वजन केलं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. काका घाबरून पुढे झाले, तर त्या हसून म्हणाल्या, "काका, ही शिकली. आंबट पाण्यात घर बांधायला शिकली. हे खरं ठरलं ना, तर समुद्रातली सगळी प्रवाळं वाचतील."

काकांच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो आनंद मोडायला त्यांची जीभ रेटली नाही. आठवडाभर ते गप्प राहिले, आणि वाटी रोज येतच राहिली. मीही तेच केलं असतं.

शेवटी चोरी उघड केली ती गॅसच्या सिलिंडरने. महिनाभर पुरणारा सिलिंडर वीस दिवसांत संपू लागला होता. मॅडमनी विचारलं, "काका, या टाकीत काही पडतंय का?"

"निवळी," काका म्हणाले. "चुन्याची. रोज एक वाटी." मग हातातलं फडकं पिळत म्हणाले, "माझ्या आईची हाडं अशीच गेली, मॅडम. कूस बदलताना मोडायची. तेव्हा नुसतं बघत बसलो होतो. या वेळी नाही बघवलं."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वहीतली तीन महिन्यांची पानं एका रेघेने खोडली. काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "समुद्रात कोण ओतणार हो निवळी?"

त्या दिवसापासून वाटी आली नाही.

प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. काका रोज येत, काच पुसत, रिकाम्या हातांनी परत जात. लेकीचं वजन आधी थांबलं, मग उतरू लागलं. बांधलेलं घर पाण्यात विरघळू लागलं. भाडेकरू निघून गेले आणि ती पांढरी पडली. आमच्यात दोन काचा आणि वीतभर हवा होती. माझ्या टाकीतलं पाणी मी तिला ओंजळीओंजळीने दिलं असतं, पण मला हात नाहीत. एका सकाळी तिच्या अंगावर एकही जीव उरला नव्हता.

काकांनीच तिला बाहेर काढलं. तळहातावर घेतलं. म्हणाले, "हिला वजनच नाही हो." मग मॅडमनी तिला नंबर लावून कपाटाच्या खणात ठेवलं.

मित्रांनो, मी म्हातारी झाले, माझं काय ते होईल. पण माझी लेक ज्या पाण्यात गेली ते पाणी अजून समुद्रात आलेलं नाही. मॅडम म्हणतात, ते निघालंय. तुमच्या धुराबरोबर रोज थोडं थोडं येतंय. मला तुमच्याकडून निवळी नको, औषध नको, कौतुकही नको. जे पाणी माझ्या एका लेकीला दिलं, ते बाकीच्यांना देऊ नका. एवढंच मागते.