इक्बालचं इन्शाल्ला

शुक्रवारी सकाळी मस्कतच्या हमरियात पश्चिमेचा निकाल लागतो. इक्बालच्या नळ-पाईपच्या दुकानाचं शटर अर्धं वर असतं, मागच्या बाजूला रंगाचे रिकामे डबे उलटे मांडलेले असतात, समोरच्या मलबाऱ्याकडून करक चहा येतो आणि जुम्म्याच्या नमाजाची वेळ होईपर्यंत युरोप-अमेरिकेचं काय ते आम्ही ठरवून टाकतो. तिकडे याची खबर पोचत नाही, त्यामुळे त्यांची कामं चालू राहतात.

मंडळी मोजकी. इक्बाल जयगडच्या खाडीवरचा, शांत, नमाजी, मस्कतचे उन्हाळे सोसून मुरलेला. एका जूनमध्ये उन्हाने त्याच्या दुकानातली लोखंडी मोजपट्टी ताणली गेली आणि महिनाभर तो गिऱ्हाइकांना वीतभर पाईप जास्त कापून देत राहिला. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, यावरून ही गोष्ट खरी आहे हे कळावं. दुसरा रामकृष्ण, कुडाळकडचा, एसी दुरुस्तीचा फोरमन. कुठल्याही देशाची संस्कृती तो तिथल्या कॉम्प्रेसरवरून ओळखतो. तिसरा धनंजय, पुण्याचा, बांधकाम कंपनीत हिशेबाला. तो फोनवर इंग्लंडची वर्तमानपत्रं वाचतो आणि प्रत्येक वाक्य ‘मुळात’ या शब्दाने सुरू करतो.

आणि मी. मला नाना म्हणतात. कामाचं वय केव्हाच उलटलं, पण माझ्या अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, माझ्या गोष्टी आवडतात, म्हणून कागदोपत्री मी अजून त्याच्या गोदामावर देखरेख करतो. गोदाम त्याने विकलं, त्यालाही बराच काळ झाला.

मंडळात पश्चिम डोळ्यांनी पाहिलेला मी एकटा. मालवाहू जहाजावर होतो तेव्हा लिव्हरपूलला राहिलो. किती राहिलो, ते गोष्टीच्या गरजेवर असतं. तिथली माझी घरमालकीण दुसऱ्याच्या खाजगीपणाची फार कदर करायची. एकदा खाली स्वयंपाकघराला आग लागली. न कळवता भाडेकरूच्या खोलीत कसं जायचं, म्हणून तिने मला पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आली. पोस्टमनने ते दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिलं तेव्हा आम्ही दोघं राखेत उभे होतो. पत्राची सुरुवात ‘आपल्याला त्रास देत आहे, क्षमस्व’ अशी होती.

या गोष्टीवर धनंजयने कितीतरी शुक्रवार काढले. मुळात तिकडे प्रत्येक माणूस म्हणजे एक घर, आणि त्याची कडी आतून, असं त्याचं म्हणणं. म्हणून तिकडे मताला किंमत आहे आणि म्हणूनच तिकडची माणसं शब्द तोलून बोलतात. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. रामकृष्णाला ते अर्धंच पटलं. इक्बालने एवढंच विचारलं, की आतून कडी लावलेला माणूस म्हातारा झाला आणि पडला, तर ती कडी काढतं कोण. तेवढ्यात नमाजाची वेळ झाली.

हे दोन हजार सोळाचं साल. युरोपातून निघायचं की राहायचं, असं इंग्लंडने आपल्या लोकांना जूनमध्ये विचारलं आणि निघायचं असं उत्तर आलं. तेव्हा रमजान चालू होता, म्हणून मंडळाने तो विषय चहाच्या दिवसांसाठी राखून ठेवला. ऑक्टोबरपर्यंत पुरला. धनंजय म्हणायचा, हीच खरी लोकशाही. रामकृष्ण म्हणायचा, घरातल्या भानगडीवर इतकं थेट विचारायचंच नसतं.

“सरळ इचारल्यानी, मगे सरळ उत्तर गावला,” तो म्हणाला. “आता रडतत.”

त्याच ऑक्टोबरात इक्बालची मुलगी अंबरीन माझ्याकडे आली. ती शाळेत गणित शिकवते, आणि तिचं मराठी हातात भरलेला कप घेऊन चालल्यासारखं चालतं. झुबेर येतोय, तिने सांगितलं. मला माहीत होतं. इंग्लंडातल्या बोल्टनमध्ये जन्मलेला, आजोबा जयगडपलीकडच्या गावचे, डोळे तपासून चष्मे देण्याचं काम. वर्षभर दोघांचं फोनवर बोलणं चालू होतं, दोन्ही घरांना ठाऊक असून. तिचं मन ठरलं होतं. अब्बांचं ठरत नव्हतं. मुलगा सोमवारी परत जाणार, त्याआधी अब्बांच्या तोंडून होय यायला हवं. नाही आलं तर त्याच्या घरचे दुसरीकडे बघणार, आणि ती अब्बांच्या मनाविरुद्ध जाणार नाही, हेही तिने सांगून टाकलं.

“मग माझं काय काम?” मी विचारलं.

“नानाकाका, अब्बा तुमच्या त्या बाईला घाबरतात. लेटरवाली. त्यांना वाटतं, मी तिकडे जळणार आणि कोणी दार नाही वाजवणार.”

मी म्हटलं, ती बाई वारली. अंबरीन म्हणाली, अब्बांसाठी नाही वारली.

शुक्रवारी इक्बालने झुबेरला घरी नेण्याआधी दुकानामागे आणला. मुलगा उंच, दाढी नीट राखलेली, आणि बसायला डबा दिला तर कुरकुर न करता बसला. त्याची बोली ऐकून आम्ही चाट पडलो. आजीकडून शिकलेली, आजी तरुणपणी बोटीत बसली तेव्हाची कोकणी तिने तिकडे लोणच्यासारखी घालून ठेवली होती. आमच्या गावांतून गेलेले शब्द त्याच्या तोंडात होते, आणि मध्येमध्ये इंग्रजी.

धनंजयने त्याला व्यक्ती आणि समाज यांच्यातल्या ताणाबद्दल विचारलं. झुबेर म्हणाला, “इंटरेस्टिंग.” धनंजय खूश झाला. तिकडे इंटरेस्टिंग म्हणजे विषय बदला, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. रामकृष्णाने बोल्टनमध्ये घर गरम कसं करतात ते खोदून विचारलं आणि मुलगा कामाचा आहे असं ठरवलं. इक्बालने मात्र चहा संपवला, कप चुरगळला आणि आपला एकच प्रश्न टाकला.

“खाली आग लागली, तर वरच्या माणसाला कसं कळवशील?”

झुबेरने इक्बालकडे पाहिलं, रामकृष्णाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चहात साखर ढवळत होतो. माझ्या चहात साखर नसते.

“फर्स्ट क्लासचा स्टॅम्प लावायचा,” तो गंभीरपणे म्हणाला. “सेकंड क्लासनं तीन दिवस लागतात. तवर जिना नाय राहत.”

रामकृष्ण इतका हसला, की रचलेले पाईप घरंगळले. मला पोरगा आवडला. इक्बाल हसला नाही. त्याला वाटलं, नानांच्या गोष्टीला साक्षीदार मिळाला.

नमाजानंतर जेवायला आम्ही सगळे वादी अदाईला इक्बालच्या घरी होतो. त्याच्या बायकोने, खुदेजाभाभींनी, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण केलं होतं. त्यांनी कसं झालंय विचारलं, तेव्हा झुबेर म्हणाला, “नॉट बॅड.” भाभींचा चेहरा पडला. मी घाईने सांगितलं, की इंग्लंडात यापेक्षा मोठा शब्द नाही. तिकडे राजवाड्यातल्या स्वयंपाक्याला निवृत्तीच्या दिवशी ‘नॉट बॅड’ म्हणाले, तर तो आनंदाने आजारी पडला. भाभींनी झुबेरला अजून एक तुकडा वाढला, पण माझ्याकडे बघत. होय म्हणजे होय हा धनंजयचा सिद्धांत तिथेच गारद झाला असता, पण तो भाकरी मोडण्यात गुंतला होता.

हात धुऊन झाल्यावर झुबेरने बोल्टनच्या माणसासारखं केलं. सरळ विचारलं. अंबरीनशी निकाह करायला तुमची परवानगी आहे का.

पाहुणा त्याच्या घरचं जेवून उठला होता. अशा माणसाला आमच्या कोकणात तोंडावर नकार देत नाहीत. तो म्हणाला, “इन्शाल्ला.”

शब्दाचा अर्थ अल्लाची मर्जी असेल तर, पण त्याचा वापर ज्याने मस्कतमध्ये एक वर्ष काढलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. कचेरीत तुमची फाईल उद्या होईल का विचारलं आणि साहेब गोड हसून इन्शाल्ला म्हणाला, की तुम्ही परवाही येऊ नये. मिस्त्री गुरुवारी येतो का, इन्शाल्ला. पगार वाढेल का, इन्शाल्ला. रामकृष्णाने माझ्याकडे पाहिलं. धनंजय अजून जेवत होता, त्याने भाकरी खाली ठेवली. पडद्याआड अंबरीनच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. नकार खोलीत सगळ्यांना पोचला होता, एकाला सोडून.

झुबेरचा चेहरा उजळला. त्याने इक्बालचा हात दोन्ही हातांत घेतला, “अल्हम्दुलिल्ला” म्हणाला आणि आईला फोन लावायला गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इक्बालने मला दुकानात बोलावून विचारलं, आता हे कसं निस्तरायचं. मी विचारलं, तुला मुलगा आवडला नाही का. तो म्हणाला, मुलगा चांगलाच आहे. मुलगा चांगला असून काय, गाव तसं आहे. तिकडे दीन-धर्म टिकत नाही, शेजार टिकत नाही, शब्द टिकत नाही. सोमवारी गेला की आपण गप्प राहायचं, दोन महिन्यांत ते समजतील.

मी घरमालकिणीच्या गोष्टीचा दुसरा भाग काढला. आगीनंतर ती बदलली आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घराची घंटा रोज वाजवू लागली. शेवटी नगरपालिकेने तिला पगार सुरू केला. इक्बालने शांतपणे ऐकून घेतलं.

“नाना,” तो म्हणाला, “पहिली गोष्ट चांगली होती.”

रविवारी संध्याकाळी, असरची नमाज झाल्यावर, झुबेर निरोप घ्यायला आला. हातात मस्कती हलव्याचा डबा. मी आधीच तिथे होतो. अंबरीनने बोलावलं होतं. खुदेजाभाभी चहा घेऊन आल्या. झुबेरने सांगितलं, की अम्मीने त्यांच्या मशिदीतल्या सगळ्या कोकणी बायकांना बातमी दिली, आणि आजी रडली. निकाहला कोणता महिना तुम्हाला सोयीचा, एवढंच विचारायचं आहे.

इक्बालने घसा साफ केला. “बेटा, मी होय कधी म्हटलं?”

झुबेरने चहाचा कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

“चाचा, तुम्ही अल्लाचं नाव घेतलंत. मी अजून काय मागणार होतो?”

इक्बाल पाच वेळची नमाज चुकवणारा माणूस नव्हे. त्या दिवशी मी नकार दिला असं आता सांगायचं, तर तो नकार कुणाच्या नावात गुंडाळून दिला तेही सांगावं लागत होतं. कचेरीतल्या साहेबाला याचं काही वाटत नाही. इक्बालला वाटलं. त्याच्या कपाळावर घाम आला, सोळा अंशांवर एसी असताना. ज्या मुलुखात दीन टिकत नाही म्हणून तो घाबरत होता, तिथला पोरगा त्याचाच शब्द त्याच्यापुढे धरून बसला होता, पूर्ण वजनाचा.

खुदेजाभाभी उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, “नाही म्हणायचं तर आत्ता म्हणा. पण आपल्या तोंडानं म्हणा. त्याचं नाव मध्ये घालू नका.”

इक्बालने पडद्याकडे पाहिलं. अंबरीन पडद्याच्या अलीकडे येऊन उभी होती.

“तिकडे आग लागली तर मी कुठे असेन?” त्याने तिला विचारलं.

ती शब्द शोधत राहिली. “अब्बा, मी लेटर नाही लिहिणार. फोन करीन. रोज. आग नसली तरी.”

इक्बालने हलव्याच्या डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं.

“होय,” तो म्हणाला. मग ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा, “होय.”

खुदेजाभाभी चहा गरम करते म्हणून आत गेल्या. कप कोणीच रिकामे केले नव्हते, ते तसेच राहिले.

सोमवारी झुबेरला विमानतळावर सोडायला रामकृष्णाची व्हॅन होती. मी पुढे बसलो, झुबेर मागे, एसीच्या सुट्या भागांमध्ये. रामकृष्ण पेट्रोल भरायला उतरला तेव्हा मी मागे वळून विचारलं, तुझ्या आजीकडे तू काही मागितलंस, आणि तिला ते द्यायचं नसलं, तर ती काय म्हणायची.

“सायकल मागितली व्हती,” तो बाहेर बघत म्हणाला. “सात वर्षं ती इन्शाल्ला म्हणाली.”

“मिळाली?”

“नाय.”

मी समोर बघायला लागलो. पेट्रोलचे आकडे फिरत होते. मग विचारलं, हे इक्बालला कधी सांगशील का.

झुबेरने सीटचा पट्टा नीट केला.

“इन्शाल्ला,” तो म्हणाला.