वीतभर कोरडं

"पाय उचल, गुंडप्पा. न्हायतर भिजवतो बघ."

"भिजव की. तुझ्या बापाची सडक हाय."

"बापाचीच हाय. त्यो बी हितंच पानी मारत मेला."

आणि शब्बीर भिस्ती मशकीचं तोंड माझ्या पायांवर धरायचा. मी माझ्या पानतंबाखूच्या दुकानात, फळीवर पाय खाली सोडून बसलेलो. गार पाण्याचा सपकारा घोट्यापर्यंत यायचा. मी खोटंच ओरडायचो, तो खरंच हसायचा. निजामाच्या राज्यात, उस्मानाबादच्या पेठेत, सतरा वर्षं रोज दिवस कलताना हे असंच चाललं. उस्मानाबाद म्हणजे कागदावर. आमच्या तोंडात धाराशिवच.

आता मी ऐंशी पार केली. थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टानं मिळवलेली आहे. भोगावतीला उन्हाळ्यात इतकं कमी पाणी असतं की मासे अंगावरची धूळ झटकून मग पोहतात, हे मीच सांगितलं. आमच्याकडच्या शेळ्यांना जुळी होतात हे खरं. तिळी मी लावली. पण आज सांगतोय त्यात थाप एकच आहे, आणि ती आली की मी हात वर करीन.

शब्बीर बलदियाचा नोकर. बलदिया म्हणजे तेव्हाची नगरपालिका. दुपार ढळली की विहिरीवर मशक, म्हणजे पाण्याची चामडी पिशवी, भरायची, पट्टा कपाळाला लावून ती पाठीवर घ्यायची, आणि बाजारतळापासून कचेरीपर्यंत सडकेवर शिडकावा करत जायचं. संपली की पुन्हा विहीर. ओझ्यानं त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली आला होता. निजतानाही तो तिरपाच निजतो, असं त्याची बायको ताहेराबी सांगायची. गावातल्या माणसांपेक्षा त्याला गावातली धूळ जास्त ओळखीची. "कासारगल्लीची धूळ अधाशी," तो म्हणायचा. "कितीबी पाज, तोंड उघडंच. कचेरीम्होरची साहेबी. घोटभर पिती आन् बस म्हनती."

पेठेत माझ्या समोर शिवलिंगप्पांचं कापडाचं दुकान. गळ्यात लिंग, कपाळी भस्म, जिभेवर खोटा शब्द नाही. गावात कुठंही साक्ष लागली की आधी त्यांचं नाव निघायचं. चामड्यातल्या पाण्याचा थेंब आपल्या पायरीला लागता कामा नये, हा त्यांचा दंडक होता. म्हणून शब्बीर त्यांच्या पायरीपुढं वीतभर जागा कोरडी सोडायचा. वीत म्हणजे वीत. चालता चालता, मशकीच्या तोंडावर अंगठ्याचा एक दाब, आणि दोरी धरून आखावी तशी ओल्या-कोरड्याची रेघ. परगावचा माणूस आला की आम्ही त्याला ती रेघ दाखवायचो, आमच्या गावची कारागिरी म्हणून. तिच्यात आणखी काही दिसतंय, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही.

मी पाय भिजवून घ्यायचो, म्हणून मला शिवलिंगप्पांपेक्षा मोठ्या मनाचा समजू नका. मी घरी पोचलो की माझी बायको गौराबाई दारातच तांब्या घेऊन उभी असायची. चामड्याचं पाणी लागलेले पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी मुकाट्यानं एकेक पाय पुढं करायचो. शब्बीरला हे मी कधी सांगितलं नाही. थाप मारायला हुशार असलेला माणूस खरं लपवायलाही हुशारच असतो.

एके साली बार्शीचे रेवणसिद्ध आमच्याकडं तूर घ्यायला आले. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, तेवढ्यावर ते वीतभर उंच झालेले. माझ्या बाकड्यावर बसून पानाला चुना लावता लावता म्हणाले, "आमच्याकडं रेल्वे हाय. गिरन्या हायत. तुमच्या धाराशिवात काय हाय हो?"

"हवा हाय," समोरून शिवलिंगप्पा म्हणाले.

"चटनीसंगं खाता का?"

"सांजपतूर बसा," मी म्हणालो. "मग बोला."

बसले. दिवसभर गाड्यांनी आणि गुरांनी उडवलेली धूळ इतकी, की समोरचे शिवलिंगप्पा खाकी दिसत होते. मग शब्बीर आला. फस्स, फस्स, फस्स. धूळ दबली. हातलाईच्या डोंगरावरून वारा उतरला, ओल्या सडकेवरून आला आणि येता येता गार झाला. घराघरांतून माणसं बाहेर आली, ओट्यांवर टेकली. म्हाताऱ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच समोरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसायला लागला, आणि दिसला म्हणून माणसं एकमेकांशी बोलायला लागली. रेवणसिद्धांनी पान थुंकायचं ठेवून दिलं. ओल्या सडकेवर थुंकवेना त्यांना.

"हे मातूर बार्शीत न्हाय," ते म्हणाले.

आमची छाती फुगली. पाणी मारलं शब्बीरनं, छाती आमची. तो पुढं जाता जाता म्हणाला, "शहर म्हंजे काय असतंय, मालक? बसलेली धूळ. उठली की जंगल."

मग अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. इंग्रज गेले होते, आमचा निजाम बसून होता, आणि रझाकारांना ऊत आला होता. खेडी पेटत होती. आमच्याच जिल्ह्यातलं, वाशीकडचं हिंमतराव पाटलांचं गाव त्यांनी जाळलं. हिंमतरावांचा धाकटा भाऊ गोठ्यातली गुरं सोडायला आत शिरला, तो बाहेर आलाच नाही. हिंमतराव हद्द ओलांडून बार्शीकडं गेले.

त्या उन्हाळ्यात रेवणसिद्ध एकदाच आले. बाकड्याच्या टोकावर बसलेले, कोण येतंय कोण जातंय बघणारे. शब्बीर वाकून येताना दिसला तसे माझ्या कानाशी लागले.

"मशक लई जड दिसती. नुस्तं पानीच का?"

हा माझा हात वर. हीच ती थाप. भ्यालेला माणूस दिसला की माझ्या जिभेला खाज सुटते, हा माझा जन्माचा रोग. मी इकडंतिकडं बघितलं, आवाज बारीक केला. "वरनं पानी, खाली बंदुका. म्हनून तर मशक रिकामी हुत न्हाय."

समोर शिवलिंगप्पांचं पोट गदागदा हाललं. शब्बीरनंही ऐकलं. त्यानं मशकीवर थाप मारली. "बंदुका कशाला, तोफ बी हाय, मालक. नववा म्हैना लागलाय."

सगळी पेठ हसली. रेवणसिद्ध तेवढे हसले नाहीत. ते तूर घेऊन बार्शीला गेले आणि तुरीबरोबर माझी थापही गेली.

भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आम्ही पेढे वाटले. त्यानंतरचे जे दिवस आले त्यांच्याबद्दल आमच्या गावात कुणी बोलत नाही. जाळपोळ केलेले रझाकार पळून गेले होते. सापडली ती जागेवर राहिलेली माणसं. रोज एखाद्या गल्लीतून धूर दिसायचा. रोज एखाद्या दाराला कुलूप.

शब्बीर माझ्याकडं आला. पहिल्यांदाच मशक न घेता आलेला, त्यामुळं चालताना झोक जात होता.

"ताहेरा म्हनती, माझ्या भावाकडं हैदराबादला चला. तू काय म्हनतोस?"

"येडा का खुळा? ह्या पेठंतलं एक मानूस तरी तुझ्या इरुद्द बोलंल का?"

"न्हाय बोलनार?"

"आरं, तू गेलास तर सांजच्याला हितं बसंल कोन?"

त्यानं जरा विचार केला. मग हसला. "मलाबी तसंच वाटतंय. सरकार नवं आलं, म्हनून धूळ थोडीच नवी आली?"

तो राहिला. माझ्या शब्दावर राहिला. आणि ती थाप नव्हती, मला मनापासून तसंच वाटत होतं. थाप असती तर बरं झालं असतं.

उघडीप पडून आठ दिवस झाले होते. लष्कराच्या मोटारींनी सडक उकरून ठेवली होती आणि धूळ पुन्हा डोळ्यांत जायला लागली होती. त्या दिवशी संध्याकाळी शब्बीर मशक घेऊन निघाला. अर्ध्या पेठेपर्यंत आला असेल नसेल, तोच दहाबारा माणसं आडवी आली. पुढं हिंमतराव पाटील. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मशकीतनं बंदुका नेनारा भिस्ती, त्यो हाच का?"

मी फळीवरून उडीच मारली. "पाटील, थाप हाय ती! म्या रचली. आईच्यान माझी थाप हाय."

हिंमतरावांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "गुंडप्पा, तू थापाड्या हायस हे बार्शीपतूर ठावं हाय. मग तवाचं खोटं आन् आत्ताचं खरं, हे कशावरनं धरू?"

आयुष्यभर लोक माझ्या थापांवर हसले. खऱ्यावर हसतील असं वाटलं नव्हतं, पण मागची दोन माणसं हसली.

"शिवलिंगप्पांना इचारा," मी म्हणालो. "ते हुते तवा. ते कंदी खोटं बोलत न्हाईत."

सगळे वळले. शिवलिंगप्पा वरच्या पायरीवर उभे होते. हिंमतरावांनी त्यांना हात जोडले. "आप्पा, तुमचा शब्द आमाला परमान. सांगा. मशकीत काय असतंय?"

मी वाट बघत राहिलो. शब्बीर मान वळवून त्यांच्याकडं बघत होता. मशकीच्या तोंडावरचा अंगठा त्यानं सोडला नव्हता. शिवलिंगप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. त्यांची नजर त्या दहाबारा माणसांवरून फिरली, मागच्या आपल्या कापडाच्या ताग्यांवर गेली, परत आली.

"म्या चामड्याला हात लावत न्हाय, पाटील," ते म्हणाले. "आत काय असतंय ते मला कसं ठावं असनार?"

एक अक्षर खोटं नव्हतं.

हिंमतरावांनी ओट्यांकडं बघितलं. रोज टोप्या काढून बसणारे सगळे तिथंच होते. "कुनी हात लावलाय का मशकीला? कुनी आत बघितलंय?" सतरा वर्षांत कुणी लावला नव्हता. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि सगळे खरं बोलले.

"तू?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. व्हय म्हणायला काय लागत होतं? जन्मभर नको तिथं खोटं बोललो होतो. पण सगळी पेठ माझ्याकडं बघत होती, समोर शिवलिंगप्पा होते, आणि घरी गौराबाई तांब्या घेऊन उभी असणार होती.

"म्या बी न्हाय," मी म्हणालो.

शब्बीरनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग तो हिंमतरावांकडं पाठ करून वाकून उभा राहिला, गाईनं धारेला उभं राहावं तसा.

"कापा पाटील. पर बेतानं. आत पानी हाय."

हिंमतरावांनी सुरी मारली. पाणी भळकन आलं, त्यांच्या पायताणांवर, धोतरावर, सडकेवर. त्यांनी चिरेत हात घालून चाचपलं. त्या पेठेत मशकीत हात घालणारा तो पहिला माणूस. हात बाहेर काढला आणि ओल्या पंजाकडं बघत राहिले. काहीतरी सापडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असा चेहरा होता.

"आदीच काडल्या असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

हिंमतरावांनी हात धोतराला पुसला. "उद्याच्याला हितं दिसू नगंस," ते शब्बीरकडं न बघता म्हणाले, आणि माणसं घेऊन चालू पडले.

शब्बीरनं पट्टा कपाळावर नीट केला. चिरेवर कोपर दाबलं. अर्धी पेठ राहिली होती. तो शिडकावा करायला लागला.

फस्स, फस्स. पाणी कोपरातून गळत होतं, त्याचा सदरा भिजत होता. शिवलिंगप्पांच्या पायरीपाशी आला आणि अंगठा दाबला. वीतभर कोरडं. कापलेल्या मशकीतूनही रेघ सरळ आली. शिवलिंगप्पा आत जाऊन कापडाच्या घड्या घालायला लागले.

मी परत फळीवर चढून बसलो होतो. पाय खाली सोडले. आता पाय उचल म्हणेल, शिवी देईल, मशक तोंडावर मारील. काहीही चाललं असतं मला. तो आला. फस्स झालं आणि पुढं गेला. कासारगल्लीच्या तोंडाशी पाणी संपलं.

मी खाली बघितलं. सडक ओली होती. माझ्या पायांभोवती वीतभर कोरडं होतं, दोरीनं आखल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराला कुलूप होतं. ते आजतागायत कुणी उघडलं नाही असं मी पुष्कळांना सांगितलंय. महिन्याभरात तिथं दुसरं बिऱ्हाड आलं. पुढं बलदियाची नगरपालिका झाली, पाण्याची गाडी आली, सडकेवर डांबर आलं. पाहुण्यांनी विचारलं की आमची माणसं अजून सांगतात, बाकी काही म्हणा, आमच्या गावची संध्याकाळ लई चांगली.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा गौराबाई दारात तांब्या घेऊन उभी होती. मी सवयीनं पाय पुढं केला. तिनं वाकून बघितलं, दुसरा पाय बघितला, आणि भरला तांब्या तसाच घेऊन आत गेली.