कुंडातला कूर्मावतार

"कूर्म भगवान साक्षात समुद्रातून आलेत! पुण्यवान दिसला की जवळ, पापी दिसला की पाठ!" तीन दिवसांपूर्वी हे कासव घेऊन गावात आलेला महाराज शालीत हात गुंडाळून ओरडत होता. महादेवाच्या कुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. गावभरच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली होती. ती कुणाच्या पापाने, हे आज कासव सांगणार होतं.

बायका एकेक करून पायरीवर उभ्या राहत. कासव संथ पोहत जवळ येई, लोक हात जोडत. मग माझी शेजारीण तानाबाई उभी राहिली. विधवा, एकटी राहणारी. कासव गर्रकन वळलं.

"हेच ते! काढा इले गावाबाहेर, आत्ताच!" गावचे सरपंच वामनराव गरजले. दोघं तिच्या घरी धावले आणि तिचं कपड्यांचं बोचकंच घेऊन आले.

"काहून? म्या काय केलं?" तानाबाईने विचारलं.

या कुंडातल्या कासवांना कणकेच्या गोळ्या घातल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. अकरा वर्षांचा नेम. तीन दिवस या कासवाला नुसती पाहत होते. आता पुढे झाले.

"महाराज, पोहणारं कासव घडीघडी नाक वर काढते. यानं एकदाही नाही काढलं."

"देवाला श्वास लागत नाही, माई!"

"गोळीही खात नाही."

"भगवानांचा उपवास आहे!"

"माह्याही सोमवार आहे." मी पाण्यात उतरले.

"हात लावशील तर भस्म होशील!"

"उपासाच्या दिवशी भस्म झाली, तर सोनंच होईन माह्यं."

उचललं. वल्ह्यासारखे पाय हातात घुर्रघुर्र हलत राहिले. पोटाला चार स्क्रू! शाळेतल्या दीपमाला मॅडमनी ते उघडलं. आत बॅटरी, मोटर. गर्दीतल्या हंसाबाईने महाराजाची शाल ओढली, तर मुठीत रिमोट!

"समुद्रातलं कासव पाणी न ढवळता कसं पोहतं, ते पाहून अशी यंत्रं बनवतात," मॅडम म्हणाल्या. "समुद्राचा अभ्यास करायला. आणि हा त्यानं बाया हाकलतो! खोल पाण्यात रिमोट चालत नाही, म्हणून याचा देव पायरीपाशीच फिरायचा."

"मंग अळी कुठून आली?" गर्दीतून कोणी विचारलं.

"पतंगाच्या अंड्यातून. तानाबाईतून नाही."

कोणी हसलं. वामनराव खाकरले, "जाऊ दे तानाबाई, झालं ते झालं. चाल घरी."

ती पायरीवर बसली. "माह्यं बोचकं ज्यायनं आणलं, त्यायनंच घरात नेऊन ठेवा. मंग साऱ्या गावानं समोर येऊन माफी मांगा. तवर मी उठत नाही."

मीही तिच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळाने वामनराव स्वतःच बोचकं उचलायला वाकले.

मी देव मानते, मरेपर्यंत मानीन. पण देवाच्या नावानं कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर तिथल्या तिथे विचारा, कशावरून? देव रागावत नाही. रागावतो तो माणूस.