कोल्ह्याच्या तोंडाच्या देवाची पोथी

जालन्याच्या बांधकाम कचेरीत नोकरी करणाऱ्या शरयूची कादंबरी छापून आली, तेव्हा कचेरीतल्या झाडून सगळ्यांनी तिच्याकडे पेढे मागितले. पुस्तक मात्र एकानेही मागितलं नाही. जालना जिल्हा होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील, आणि जिल्ह्यातल्या कुणी बाईने इजिप्तच्या देवांवर कादंबरी लिहावी हे लोकांना जरा अतीच वाटलं होतं.

'काळीज आणि पीस' असं कादंबरीचं नाव. त्यातला राजा राणीशी भांडून महालाबाहेर पडतो आणि वाटेतच मरतो. पुढे मेलेल्यांच्या दरबारात कोल्ह्याच्या तोंडाचा देव त्याचं काळीज तराजूत घालतो. दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस. काळीज जड भरलं की मगरीच्या तोंडाची राक्षसीण ते गिळून टाकणार, आणि मग राजा कायमचा संपला. शरयूने राजाला तराजूपाशी आणलं आणि तिथेच पूर्वार्ध संपवला. उत्तरार्धात काळीज जड भरणार हे तिचं आधीपासून ठरलेलं होतं.

पण उत्तरार्ध झालाच नाही. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत बोटभर परीक्षण आलं: 'जनावरांच्या तोंडाचे हे परके देव मराठी वाचकाच्या गळी उतरणे अशक्य.' लिहिणाऱ्याचं काय जातं! शरयूच्या मात्र ते जिव्हारी लागलं. तिने कागद बांधले, माळ्यावर टाकले आणि लिहिण्याचं नाव सोडलं.

तीन-चार वर्षांनी मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी तिच्या दारात तीन बाया उभ्या राहिल्या. वडीगोद्रीहून एसटीने आलेल्या, पायावर धूळ. पुढची, नंदाबाई, जरा ठसक्याची होती, तिच्या काखेत लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"पोथी लिवणाऱ्या ताई तुमीच का?"

"पोथी? नाही हो. मी एक कादंबरी लिहिली होती."

"तीच ती," असं म्हणून नंदाबाई आत आली आणि सतरंजीवर बसलीसुद्धा. मागून गिरिजाबाई आणि पुष्पाबाई. शरयूने चहा ठेवला. नंदाबाईने फडकं सोडलं, तर आतून 'काळीज आणि पीस' निघालं. मुखपृष्ठावरच्या कोल्हामुख देवाच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेलं.

"चातुर्मासाला पोथी आणाया वाचनालयात गेल्ते," नंदाबाई सांगू लागली. "वरती देव दिसला, हातात तराजू. म्हणलं नवी पोथी हाय. रोज दुपारी देवळात वाचायची, समद्या बाया ऐकायच्या. दोन-चार अध्याय झाल्यावर आमच्या मालकांनी पाह्यलं अन् हासले, म्हणले अगं, ही तर कादंबरी. पण मंग काय करता? धरलेली पोथी मधीच सोडत असत्यात का?"

शरयूला हसावं की रडावं कळेना. मनातली सल तोंडावर आलीच. "पण त्या देवांना जनावरांची तोंडं आहेत. चाललं तुम्हाला?"

"न चालाया काय झालं?" गिरिजाबाई म्हणाली. "आपल्या गणपतीला हत्तीचं हाय, नरसिंहाला सिंव्हाचं. त्यांच्याकडं कोल्ह्याचं. अन् ती मांजरीच्या तोंडाची देवी ऐकल्यापासून मी घरच्या मांजरीवर काठी उगारली न्हाई. दूध सांडलं तरी बिलकुल न्हाई."

"त्यांच्या नदीच्या पुराचा अध्याय तर बायांनी दोनदा वाचाय लावला," नंदाबाई म्हणाली. "म्हणल्या, ही त्यांची नदी न्हाई, आपली गोदावरीच हाय."

इतकी वर्षं कुणी असं बोललं नव्हतं, आणि आपण याच बोलण्यासाठी हपापलेलो होतो हे शरयूला आताच कळलं. डोळे पुसायचं निमित्त म्हणून तिने चहा आणला. तिसरा कप पुष्पाबाईने हळूच बाजूला सारला.

"ती घेत न्हाई," नंदाबाई म्हणाली. "पोथीच्या समाप्तीपर्यंत चहा सोडलाय तिनं. आमचे नेम कार्तिकात सुटले. हिचा अडकून बसलाय, कारन पोथी अर्ध्यावर राह्यली. म्हणून तर आलो. परसाद बी आणलाय."

पुष्पाबाई आता पहिल्यांदा बोलली. "राजाचं काळीज जड भरलं का हलकं, तेवढं सांगा ताई."

तिचा आवाज ऐकून शरयू चपापली. नंदाबाई शरयूच्या कानाशी वाकली. "हिचे मालक घरातून भांडून गेल्ते. हायवेवर ट्रकनं उडवलं. दोन वर्सं झाली."

शरयूच्या मनात आलं, हलकं भरलं म्हणून सांगून टाकावं, बिचारीचा नेम सुटेल. नंदाबाईने तोवर पुस्तक पाटावर ठेवलं होतं, अक्षता वाहिल्या होत्या, आणि तिघी हात जोडून बसल्या होत्या. शरयू बोलू लागली. दरबार आला, तराजू आला, पीस आलं. पण काळीज पारड्यात पडलं आणि तिच्याने खोटं बोलवेना. पारडं खाली जाऊ लागलं. राक्षसिणीने जबडा उघडला.

"थांबवा तिला!" पुष्पाबाई ओरडली. "ते वझं येकट्या त्यांचं न्हाई. भांडण दोघांचं व्हतं. माझ्या वाटणीचं काढून घ्या त्यातनं. मी जित्ती हाय अजून, मी वागवीन."

शरयू तिच्याकडे बघत राहिली. राणीला तिने त्या दरबारात कधी आणलंच नव्हतं, मागे महालात रडत ठेवलं होतं.

"मग राणी दरबारात आली," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही म्हणालात तेच म्हणाली. देवाने काळजातलं अर्धं वजन उचलून तिच्या ओंजळीत दिलं. तिनं ते घेतलं. पारडं वर आलं आणि पिसाशी येऊन थांबलं."

"बराबर आलं?"

"बरोबर आलं."

पुष्पाबाईने पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. नंदाबाईने पुस्तकावर फूल वाहिलं, सगळ्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवली आणि शरयूला दम भरला, "आता हे अस्संच लिवा. पुढल्या चातुर्मासाला लागंल."

शरयूने मान हलवली. पुष्पाबाईचा चहा केव्हाच गार झाला होता, वर साय धरली होती. ती दुसरा करायला उठली, तर पुष्पाबाईने तोच कप ओढून घेतला आणि एका दमात संपवला. मग रिकामा कप तिच्यापुढे धरला.

"अजून हाय का, ताई?"