झेंडूची माळ आणि माझा ब्रेक

ए, मधे मधे काही विचारू नका हां मित्रांनो, आधी नुसतं ऐका! मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. आता माझं रेक्झिन फाटलंय, पाइपांवर गंज चढलाय. पण ही गोष्ट सांगायला लागले ना, की चाकं आपोआप सुरसुरायला लागतात. गोष्ट माझी कमी, वेणूची जास्त. काय पोरगी होती!

माझा जन्म उल्हासनगरचा, एका सिंधी साईंच्या वर्कशॉपमधला. पाइप वाकवले, वेल्डिंग केलं, सायकलसारखी मोठी चाकं बसवली, चाकांना बाहेरून हाताने फिरवायच्या कड्या लावल्या. "एकदम फर्स्ट क्लास माल!" असं साईं म्हणाले आणि मी अशी फुगले की काय सांगू!

मला घरी नेलं चंदरने. चंदर म्हणजे वेणूचा मोठा भाऊ, पालेगावचा, टेम्पो चालवायचा. वेणूचे पाय लहानपणी पोलिओने गेलेले. लग्नाच्या वयाची झाली, पण ओटीच्या पुढचं जग तिने कधी नीट बघितलंच नव्हतं.

तिचे बाबा, हरिचंद्र, भातशेतीवाले. पोरीवर त्यांचा भारी जीव. मला बघितलं आणि म्हणाले, "ही गाडी मना नाय पटत. पोर पडंल." झालं! माझ्यावर तांदळाचं पोतं चढलं. नवीकोरी मी, आणि पोतं वाहतेय! रडूच आलं मला.

पण बाबा शेतावर गेले की वेणूची आई, गोदूबाई, पोतं खाली उतरवायची आणि स्वतः दारात राखणीला बसायची. आणि वेणू शिकायची. पहिल्यांदा ब्रेक न लावता चढायला गेली, मी सरकले मागे, ती दाणकन खाली! हसली आणि म्हणाली, "आये, ही तर खट्याळ म्हैस हाय गो!" मग तिने माझी नस ओळखली. आधी ब्रेक. मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, नाहीतर त्यांच्यावर भार पडून मी पुढे उलटते. मग हाताच्या जोरावर अंग उचलून बसायचं. अंगणातून खळ्याकडे जरा उतार होता ना, तिथे ती मला पुन्हा पुन्हा न्यायची.

मग एक दिवस चंदर बातमी घेऊन आला. उल्हासनगरला सुंदरीबाईंच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं, बटणं लावायचं काम होतं. बसून करायचं. "दसऱ्याला मुहूर्त हाय. त्या दिवशी येऊन सुरुवात कर, बोलल्या."

वेणू रोज बाबांच्या मागे लागली. शेवटी ते म्हणाले, "मी संगती येईन. पण येकदा जरी पडलीस, तर परत नाव काढायचं नाय." बघा मित्रांनो, तिचं सगळं बाहेरचं जग या एका अटीवर टांगलेलं!

दसऱ्याला चंदरने टेम्पो धुतला, हार घातला, हळद-कुंकू लावलं. मग माझ्याकडे वळला. "हीपन आपली गाडीच ना!" म्हणत झेंडूची ही जाडजूड माळ माझ्या ब्रेकच्या दांड्याला गुंडाळली, उरलेली चाकाजवळ लोंबत सोडली. मी काय दिसत होते म्हणून सांगू! नवरीच!

टेम्पोने उल्हासनगरला पोचलो. कारखान्याची गल्ली उताराची, आणि तोंडाशीच देवीचा मंडप. टेम्पो आत जाईना. चंदरने मला गल्लीत उतरवलं, तोंड उताराकडे करून वेणूला बसवलं, ब्रेक ओढला आणि वळला तिचा डबा घ्यायला. तेवढ्यात त्याला दोस्त भेटला. "ए चंद्या, सोनं घे की!" आपट्याची पानं दिली-घेतली, मिठी मारली.

आणि इकडे माझा ब्रेक टायरला लागलाच नव्हता, मित्रांनो! मधे झेंडू होता! फुलं चिरडली, त्यांचा लगदा झाला, आणि मी सुटले!

"वेणूऽऽ!" बाबा ओरडले. पायातली चप्पल टाकून धावले. पण मी पुढे.

वेणूने काय केलं माहितीये? किंचाळली नाही. चाकं एकदम पण धरली नाहीत. एकदम धरली असती तर तोंडावरच आपटली असती. पाठ मागे टेकवली, दोन्ही कड्यांवर तळवे दाबले आणि कड्या हातातून हळूहळू घासू दिल्या. सालटी निघत होती, मला कळत होतं. वेग कमी झाला तसा तिने डावा हात घट्ट केला. मी वळले, उताराला आडवी झाले, आणि थांबले. एका घराच्या भिंतीला टेकून, अलगद.

बाबा धापा टाकत आले, मागोमाग रडत चंदर. "बस झालं. चल घरी."

तळहात लालभडक. तरी ती म्हणाली, "बाबा, मी पडले काय?"

बाबा वाकून तिचे तळहात बघू लागले.

"सांग ना. पडले?"

"नाय," बाबा म्हणाले.

"मंग? चंदर, रडू नको रे, आधी ती माळ काढ. बाबा, तू माझ्या मागे ये. मना फिरव, माझं तोंड चढाकडं कर. तू खालच्या अंगाला रहा आणि मागं बघत बघत उतर. मी आपोआप तुझ्या अंगावर रेलते. तुझ्या हातून सुटंन काय मी?"

बाबांनी घामेजलेले हात धोतराला पुसले आणि मला धरलं. इतकी वर्षं नांगर धरलेले हात ते, माझे मागचे दांडे घट्ट आवळले. पाऊल, पाऊल करत आम्ही खाली आलो.

कारखान्याला पायऱ्या होत्या. आम्हाला बघून आतले कारागीर धावलेच. "अरे उठाओ, उठाओ!" एकाने माझा हात टेकायचा दांडा धरला, जो वर ओढला की सुटून येतो. दुसऱ्याने पायाची पट्टी धरली. मनाने चांगले होते हो बिचारे! वेणू घाबरून मला बिलगली.

आणि बाबा गरजले, "ए, हात काढ! आधी तिला इचार!"

सगळ्यांनी हात काढले. सुंदरीबाई दारातच थबकल्या. मग म्हणाल्या, "बोलो बेटा, कैसे उठायेंगे?"

वेणूने सांगितलं. "माझी पाठ पायऱ्यांकडं करा. बाबा मागून दांडे धरून मना जरा मागं कलवंल. पुढून दोघं खालच्या पाइपाला धरा, जो हलत नाय त्याला. आणि मी 'हां' बोलले की मगच."

"हां," ती बोलली. आणि मी वर गेले, जराही न डुगडुगता. मुहूर्ताचा नारळ फुटला. सोललेल्या तळव्यांना हळद लावून वेणूने पहिलं बटण लावलं. बाबा दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझी पोर हाय ती."

माझ्यासारखी कुणी दिसली ना, तर ब्रेकमधे काही अडकलंय का बघा, उताराला पाठमोरी न्या. पण त्याच्याही आधीचं एक आहे. त्या पायऱ्यांशी तुम्ही उभे असता, तर खरं सांगा मित्रांनो, तुम्ही काय केलं असतं? धावत येऊन मला धरलं असतं, की आधी वेणूला विचारलं असतं?